कच्ची वही : हायड्रा, मावा आणि एक वाळा

१६ जून, रविवार

ही वही का, ते आधी लिहून ठेवतो. भाची दहावीला आहे. विज्ञानाच्या प्रकल्पाला तिच्या चिठ्ठीत विषय निघाला ‘सजीवांतील अलैंगिक प्रजनन’, म्हणजे नर-मादीच्या जोडीशिवाय नवा जीव होणं. तिची फाईल वेगळी आहे, समास आखलेली, शीर्षकं हिरव्या शाईत. ही कच्ची वही माझी. फसलेलं सगळं हिच्यात लिहायचं असं आमचं ठरलंय, कारण फाईलमध्ये फसलेलं कुणी लिहीत नाही.

शाळेतून सुचवलं होतं की चार्ट पेपर घ्या आणि शाडूच्या मातीचा अमिबा करा. ताई म्हणाली, “तुझ्याकडे ते मासे आहेत ना, मग तूच बघ.” मासे म्हणजे गप्पी. वर्तकनगरच्या घरात दोन फुटांची टाकी आहे. गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून तिच्यात हायड्रिला ही पाणवनस्पती आणून लावली, आणि तिच्याबरोबर न बोलावलेले पाहुणे आले. काचेला चिकटलेले, पांढुरके, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब. वरच्या टोकाला पाच-सहा बारीक धागे, हात पसरल्यासारखे. मासे पाळणारे याला कीडच म्हणतात, कारण तो बारक्या पिल्लांना धरतो. दुकानदाराने औषधाची बाटली दिली होती, ती उघडायची राहिली होती.

भाचीने भिंगातून पाहिलं, पुस्तक उघडलं, परत भिंग लावलं. “मामा, हा हायड्रा आहे! आणि याला कळी आलीय!”

बाटली कपाटात गेली.

१९ जून, बुधवार

सहा हायड्रा ड्रॉपरने अलगद सोडवून काचेच्या बशीत घेतले. बोट लावलं की गोळा होऊन ठिपक्याएवढे होतात, मग पाचेक मिनिटांनी परत लांब होतात. बशी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवली. घरात तीच जागा थंड असते. गॅलरीत २९ अंश होते, तिवईखाली २६.

खाणं म्हणजे आर्टेमियाची, खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जीवाची, नुकती फुटलेली पिल्लं. डब्यातली अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली की दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहायला लागतात. ते गाळून, गोड्या पाण्याने धुऊनच द्यायचे, नाहीतर मिठानेच हायड्रा मरायचे. ताईला गाळणी परत मिळणार नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही.

२३ जून, रविवार

सहापैकी चौघांना कळ्या. पुस्तकातल्या आकृतीत कलिकायन, म्हणजे कळी फुटून नवा जीव होणं, तीन चित्रांत उरकतं. बशीत ते दोन-तीन दिवस चालतं आणि त्यातलं बरंचसं आकृतीत येतच नाही.

आधी खोडावर, मध्याच्या जरा खाली, फुगवटा येतो. तो लांबतो. टोकाला बारीक गाठी येतात, त्यांचे हात होतात. आणि मग आज सकाळी दिसलेली गोष्ट. मोठ्या हायड्राने दोन आर्टेमिया गिळले, पोट नारिंगी झालं. वीसेक मिनिटांनी तोच नारिंगी रंग कळीच्या पोटात. कळीने स्वतः काहीच खाल्लं नव्हतं. आईचं आणि कळीचं पोट आतून एकच असतं, मधे पडदा नाही. नंतर बुडाशी आवळत जाऊन कळी सुटी होते, तोवर एका ताटात दोघे.

“आई म्हणायचं का याला?” भाची. आपण ‘तो हायड्रा’ म्हणतो, आणि बाळंतपण त्याचंच चाललंय. मी म्हटलं फाईलमध्ये ‘जनक’ लिही, पुस्तकात तेच आहे.

संध्याकाळी तिला अब्राहम ट्रेंबलेची गोष्ट सांगितली. १७४० साली हॉलंडमध्ये, हेगजवळ, हा गृहस्थ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला होता. मुलांबरोबर डबक्यातलं पाणी आणून बघताना त्याला हे सापडलं. वनस्पती की प्राणी, ते कळेना. हिरवं होतं, फांद्या होत्या, पण हलत होतं. मग त्याने विचार केला की कापून बघू. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती. दोन्ही जगले, दोन पूर्ण हायड्रा झाले, आणि तरीही ते पिसवांसारखे पाणकिडे पकडून खात राहिले. म्हणजे परीक्षा ठरवली ती बरोबर होती, निकाल मात्र प्रश्नाच्या पलीकडचा लागला. १७४४ मध्ये त्याने यावर पुस्तक काढलं. एक डोकं तोडलं की दोन उगवणाऱ्या ग्रीक राक्षसाचं नाव लिनियसने याला दिलं.

डबक्याचं पाणी, शिकवणीवाला आणि दोन पोरं एवढंच भांडवल. भाचीला ते आवडलं. “आपल्याकडे एकच पोर आहे,” एवढं म्हणून तिने बशी उचलली.

२७ जून

हायड्रा ११. फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहिलं. कोमट साखरपाण्यात ब्रेडचं यीस्ट, तासाभराने एक थेंब. पेशीला पेशी चिकटलेली, लहान-मोठे मणी. इथेही कळीच, पण अख्खा जीवच एक पेशी. पाच मिनिटांचं काम, नोंद एवढीच.

२९ जून, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

आई दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालते. जांभळी नाक्यावरून माळ मी आणली. घरी येऊन बघतो तर दोन पानांच्या पाठीला पिवळाधमक मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, काळ्या पायांची. आई म्हणाली झटकून टाक. भाची म्हणाली थांब. मारुतीला सात पानं कमी गेली.

पान काचेच्या बरणीत, देठ ओल्या कापसात, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा. भिंगाखाली धरलं आणि दहा मिनिटांत एका मोठ्या माव्याच्या मागून पाय आधी, डोकं नंतर, असं जिवंत पिल्लू बाहेर आलं. अंडं नाही, कोष नाही. पिल्लू उतरलं, दोन पावलं चाललं आणि पानात सोंड खुपसून बसलं.

रुईवरच्या या माव्यात नर जवळजवळ दिसतच नाहीत. सगळ्या माद्या, आणि सगळ्या बिननराच्या व्यायलेल्या. याला अनिषेकजनन म्हणतात, फलन न होता अंड्यातून जीव. त्याहून पुढची गंमत अशी की आता जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात त्याची स्वतःची पिल्लं आधीच वाढायला लागलेली असतात. म्हणजे आजीच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, एकाच वेळी. रशियन बाहुल्यांचं उदाहरण देणार होतो. आई आतून म्हणाली, “डब्यात डबा.” ते बरं आहे.

ट्रेंबलेच्याच नात्यातला शार्ल बोने हा जिनिव्हाचा, तेव्हा वीस वर्षांचा. त्यानेही १७४० मध्येच नुकतं जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू फांदीवर एकटं झाकून ठेवलं आणि भिंग घेऊन रोज नोंद करत बसला. त्या एकटीने ९५ पिल्लं दिली. दिवस-वेळ लावून टिपलेला तो तक्ता म्हणजे आपल्या या वहीचा पणजोबाच.

आणि मग भाचीने जो प्रश्न विचारला तो मी चौकटीत लिहून ठेवतोय:

“मामा, नर लागतच नसेल तर नर असतातच कशाला?”

घरात मी आणि भावजी दोघेच पुरुष, दोघेही चहा पीत होतो. ताई हसली. उत्तर मला नीट देता आलं नाही. थंड देशांत हाच मावा-वर्ग हिवाळ्याच्या तोंडाशी नर काढतो, जोड्या जमतात, आणि थंडीत टिकणारी अंडी घातली जातात, एवढं सांगितलं. “आणि ठाण्यात थंडीच नाही,” ती म्हणाली. बरोबर आहे. पण ते अर्धंच उत्तर झालं.

२ जुलै

हायड्रा १७. बरणीत एका माव्याचे २३.

३ जुलै

हायड्रा २.

चूक माझी. कामावरून उशिरा आलो, बशीचं पाणी गढूळ वाटलं, शिळवलेलं पाणी संपलेलं, म्हणून नळाचं घातलं. क्लोरिन. माशांना थोडं चालून जातं, हायड्राला नाही. सकाळी पंधरा जण विरघळून कापसासारखे झाले होते.

भाची रडली नाही, चिडली. तिला परवाच सांगितलं होतं की डॅनियल मार्टिनेझ नावाच्या शास्त्रज्ञाने चार वर्षं हायड्रा सांभाळले, त्यांच्यात म्हातारपणाची लक्षणं दिसली नाहीत, आणि १९९८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. अंगातल्या पेशी सतत नव्या होत राहतात, जुन्या टोकांकडून झडून जातात.

“मग हा मरतो कधी?”

“मामाने नळ सोडला की.”

हे भावजी म्हणाले. मी ऐकून घेतलं.

टाकीत अजून आहेत. उद्या नवे सहा काढणार. पाणी दोन बादल्या शिळवून ठेवलं, बादलीवर कागद चिकटवला: ‘हात लावू नये’.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस. रुळांवर पाणी, गाड्या बंद, कामावर वागळे इस्टेटलाही जाता आलं नाही. घरी बसून डकवीड मोजलं. हे पाण्यावर तरंगणारं टिकलीएवढं झाड, मूळ एकच, धाग्यासारखं. २८ जूनला १० टिकल्या सोडल्या होत्या, आज ५४. टिकलीच्या कडेला खिसा असतो, त्यातून नवी टिकली सरकत बाहेर येते. फूल या झाडाला येतं, पण ते बघायला नशीब लागतं.

उल्हास नदीत, तलावांत जी जलपर्णी माजते तिचंही हेच. दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून जगभर नेलेली. आडवं खोड पाण्यात धावतं आणि टोकाला नवं रोप. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट. यंत्राने काढली आणि दोन रोपं राहिली, तर पुढच्या वर्षी परत यंत्र.

१४ जुलै, रविवार

प्लॅनेरिया. टाकीतल्या खड्यांखाली असतो, हे माहीत होतं. छिद्रं पाडलेल्या बाटलीत चिकन कलेजीचा तुकडा ठेवून रात्री टाकीत सोडली, सकाळी आत चार चपटे किडे. त्रिकोणी डोकं, दोन डोळे, दोन्ही तिरळे वाटतात. आठवडाभर उपाशी ठेवले होते, कारण भरल्या पोटी कापले की तुकडे सडतात.

आज कापायचे. बर्फावर ओला कागद, कागदावर प्लॅनेरिया, नवं ब्लेड. भाचीने विचारलं, “दुखतं का त्याला?” त्याला मेंदूसारखी गाठ आहे, मज्जारज्जू आहेत, उजेड टाळतो. दुखतच नाही असं मी म्हणू शकलो नाही. चारपैकी एकच कापायचा असं ठरलं. थंडीने तो जवळजवळ हलत नव्हता. तीन तुकडे केले: डोकं, मधला, शेपूट. थॉमस हंट मॉर्गनने १८९८ मध्ये असे तुकडे करत करत हिशेब मांडला होता की मूळ प्राण्याच्या २७९व्या भागाएवढा तुकडाही पुरा होऊ शकतो. आम्ही तिनावर थांबलो.

गांडुळाबद्दल इथेच लिहून ठेवतो, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांनी भाचीला तेच सांगितलं. गांडूळ मधोमध तोडलं की दोन गांडुळं होत नाहीत. डोक्याकडचा तुकडा पुरेसा लांब असेल तर शेपूट वाढवतो, मागचा बहुधा मरतो.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आज फराळाच्या ताटावर प्रकल्प झाला. ठरवलं नव्हतं.

बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, सुरण, केळं. भाची बोटाने एकेक दाखवत गेली. बटाटा डोळ्यांपासून लावतात. रताळ्याच्या वेलाचे तुकडे रोवतात. सुरणाचा कंद कापून पुरतात. साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या टॅपिओकाच्या काठ्या तोडून लावतात. केळीचे मुनवे काढून लावतात. “आजी, तुझा उपास अलैंगिक आहे!” आईला शब्द कळला नाही आणि भावजींना ठसका लागला. शेंगदाणे आणि वरी मात्र बियांची, तेवढा उपास मोडला म्हणायचा.

पण मुद्द्याचं बोलली ती आईच. आमचं गाव गुहागरकडचं. ती म्हणाली, “हापूसची कोय लावून बघ, हापूस येतो का. रायवळच येतो. हापूस हवा तर कलमच करायला लागतं.” हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि कधी विचार केला नाही. कोय म्हणजे दोन झाडांचं पोर. त्याच्यात हापूस निम्मा, उरलेला परागकण कुठून आला ते वाऱ्याला आणि माश्यांना ठाऊक. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी दुसऱ्याच्या मुळावर. कोकणातलं हापूसचं प्रत्येक कलम म्हणजे जुन्या एका झाडाचीच पुढे पुढे लांबत आलेली फांदी. पोर्तुगीजांच्या काळापासून ती तोडतायत, जोडतायत, आणि ती चाललीच आहे.

“मग सगळ्यांना साका पण सारखाच,” भावजी म्हणाले. साका म्हणजे फळ बाहेरून टकाटक आणि आत कापलं की पांढरट, आंबट भाग. ते हापूसचं जुनं दुखणं आहे, आणि कलमाने आंबा जसाच्या तसा येतो म्हणजे दुखणंही जसंच्या तसं येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही. तिथे मात्र दोन झाडं लागली, परागकण लागला.

भाची खिचडी ठेवून उठली आणि फाईल घेऊन आली. २९ जूनच्या प्रश्नाखाली तिने पेन्सिलीने लिहिलं: ‘साका घालवायला.’

केळ्याचंही सांगितलं. खायच्या केळ्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, म्हणून बी धरत नाही, मधे काळे ठिपके तेवढे उरतात. जगभर जहाजांतून जायचं ते केळं पूर्वी ग्रो मिशेल जातीचं होतं. मातीतल्या बुरशीने पनामा रोग आला, आणि सगळी झाडं एकमेकांची नक्कल असल्याने एक बळी पडलं की दुसरंही पडायचं. १९५० च्या दशकात व्यापाऱ्यांना ती जात सोडून कॅव्हेंडिशकडे जावं लागलं. आपल्या हातगाडीवरचं ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश घराण्यातलं, आणि तेही एकमेकांची नक्कलच. वसईची राजेळी वेगळी, सुकेळी तिची होतात. आई म्हणे पूर्वी तिचे पुडे ठाण्याच्या बाजारात सहज मिळायचे.

२१ जुलै

शेपटीच्या तुकड्याला टोकाशी पांढरा, नितळ कोंभ. मधल्यालाही दोन्हीकडे. डोक्याचा तुकडा मेला. सगळ्यात सोपा तोच वाटला होता.

२५ जुलै

शेपटीला डोळे आले! दोन काळे ठिपके, अजून बारीक. अकरावा दिवस. मधल्या तुकड्याने डोकं पुढच्याच बाजूला काढलं, शेपूट मागच्याच. पुढचं कुठलं हे एवढ्याशा तुकड्याला कसं कळलं, यावर भाचीने पाऊण तास प्रश्न विचारले. अंगभर विखुरलेल्या मूळपेशी जखमेकडे जातात एवढं सांगितलं, दिशा ठरवणारे रासायनिक संदेश असतात तेही सांगितलं. समाधान झालेलं दिसलं नाही.

२८ जुलै, रविवार

पानफुटी. आईच्या कुंडीतली, जिची पानं मजल्यावरचे काका मुतखड्यासाठी मागून नेतात. १ तारखेला एक पान ओल्या बशीत ठेवलं होतं, कडेच्या प्रत्येक खाचेतून रोप, एकूण नऊ. १० तारखेला सुटी करून चार गॅलरीत लावली, पाच न्हाणीच्या खिडकीत.

मी दिवसभर वर्नियर घेऊन पार्ट मोजतो, तर ही पण मोजली. गॅलरीतल्यांचं सर्वांत मोठं पान सरासरी २१ मिलिमीटर, जाड, कडा लालसर. न्हाणीतली १३, लांबट देठाची, फिकी. एकाच पानाची नऊ लेकरं, सूत्री विभाजनाने आलेली, गुणसूत्रं तीच. फाईलमध्ये भाचीने ‘हुबेहूब’ शब्द लिहिला होता, तो तिने स्वतःच खोडला आणि ‘जनुकीयदृष्ट्या समान’ केला. साच्यातून निघालेले दोन पार्टही मला कधी तंतोतंत सारखे मिळालेले नाहीत, आमच्याकडे त्याला टॉलरन्स म्हणतात.

९ ऑगस्ट, नागपंचमी

काल संध्याकाळी तळमजल्याच्या काकूंनी हाक मारली. कुंडी हलवली तर खाली ‘गांडूळ’, पण वळवळ वेगळी. गेलो. वीतभरही नाही, काळपट, चकचकीत. अंगावर गांडुळासारखी वलयं नाहीत, बारीक खवले. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, आणि एका टोकातून इवलीशी जीभ आत-बाहेर. वाळा. बिनविषारी साप, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. पावसाने बिळात पाणी भरलं की न्हाणीत, कुंडीखाली येतो आणि गांडूळ समजून मीठ टाकून मारला जातो. काकूंच्या हातात मिठाचा डबा होताच.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी साप दारात म्हटल्यावर काकू हात जोडायला लागल्या. मी भाचीला हाक मारली, कारण आमच्या प्रकल्पाला याच्याहून मोठा पाहुणा मिळणार नव्हता. या जातीचा नर आजवर सापडलेलाच नाही. सगळ्या माद्या, गुणसूत्रांचे तीन संच, अंडी फलनाशिवाय. एक मादी कुंडीच्या मातीतून दुसऱ्या देशात गेली की तिथे वसाहत, जोडीदार शोधायला नको. अशीच ती आशियातून कुंड्यांबरोबर अमेरिकेपर्यंत, बेटाबेटांवर पोचली. आणि मराठीत आपण म्हणतो ‘तो वाळा’.

भाची: “म्हणजे सगळ्याच सापांना जमतं?” नाही. पण अडीनडीला काहींना जमतं, सरड्यांनाही. कोमोडो ड्रॅगन एरवी नर-मादीचाच संसार करतो. ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांत एकट्या माद्यांनी पिल्लं दिली, हे २००६ मध्ये जाहीर झालं. तिथे पिल्लं झाली ती नर. त्यांच्या मादीत लिंगगुणसूत्रं दोन वेगळी असतात, झेड आणि डब्ल्यू, अंड्यातलं एकच स्वतःची जोडी बनवतं, आणि झेड-झेड जुळलं की नर. म्हणजे एकटी मादी बेटावर वाहून गेली तर आधी मुलगे, मग त्यांच्याशीच संसार. ताईने इथे विषय बदलायला सांगितला.

वाळा बरणीत घेतला नाही. वन्यजीव कायद्याने साप पाळता येत नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. मातीसकट सुपलीवर उचलून सोसायटीच्या मागच्या झाडीत सोडला. फोटो दोन आले, एक हललेला. काकूंनी मिठाचा डबा परत नेला.

१८ ऑगस्ट

हायड्रा ३४, दोन बशांत. मावा संपला. एका छोट्या गांधीलमाशीने आधीच अंडी घातलेली असावीत. मावे फुगून तपकिरी झाले, पाठीला गोल भोक पाडून माशी बाहेर. सगळ्या बहिणी एकसारख्या, एकीला जे लागलं ते सगळ्यांना. ग्रो मिशेलचं नाव भाचीनेच काढलं.

२५ ऑगस्ट

तिचा तक्ता पाहिला. द्विविभाजन, बहुविभाजन, कलिकायन, खंडीभवन, पुनर्जनन, बीजाणू निर्मिती, शाकीय प्रजनन, प्रत्येकाला एक चौकट. छान आहे, मार्कं मिळतील. वाळ्याला आणि माव्याला चौकट नव्हती. तिने तक्त्याच्या कडेला, समासाबाहेर, लाल शाईत त्यांना बसवलंय. समास मोडल्याबद्दल काय म्हणतील ते बघू.

५ सप्टेंबर

उद्या गणपतीला गावी. बशी क्रमांक १ काकूंकडे दिली, आर्टेमियासकट, रोज देतील. बशी क्रमांक २ मुद्दाम उपाशी, तिवईखालीच. भाचीची कल्पना. गेले तीन आठवडे भरपूर खाल्लेले हायड्रा एकदम उपाशी राहिले तर काय करतील? अन्नपाण्याचे दिवस पालटले की हायड्राही कळ्या सोडून अंडी आणि शुक्राणू करायला लागतो, हे तिने वाचलंय. ‘नर कशाला’खाली तिने पेन्सिलीने दुसरी ओळ लिहायला जागा सोडलीय.

१५ सप्टेंबर, रविवार

काल रात्री आलो. आधी काकूंची बशी. २१ चे ३३, कळ्यांनी लगडलेले. काकू म्हणाल्या, “मोदकाच्या गडबडीतही विसरले नाही हो.”

बशी २. तेराचे अकरा, सगळे बारीक, निम्म्या उंचीचे. कळी एकालाही नाही. सकाळी उजेडात भिंग लावून एकेक पाहिला. सातव्याच्या वरच्या अंगाला, हातांच्या जरा खाली, दोन टोकदार उंचवटे. मला कळीच वाटली. भाची म्हणाली, “कळी इतक्या वर येत नाही.” पुस्तकातली आकृती काढली. वृषण, म्हणजे शुक्राणू बनवणारे अवयव. फोल्डस्कोपखाली धरल्यावर उंचवट्याच्या आत काहीतरी सळसळत होतं, नळाखालच्या पाण्यासारखं.

नवव्यालाही तसेच, पण एकच. अंडं असलेला एकही नाही. अजून तीन दिवस उपाशी ठेवायचे की आर्टेमिया घालायचे, यावर वाद चाललाय. फाईल शुक्रवारी द्यायचीय.